नऊ वेळा ‘शुद्ध’

डाल्टन, जॉर्जिया
शनिवार, ७ मे १९९४, सकाळी ११.४०

ति. नीकोलासाताईस,
एलिसेओचा सा. न. वि. वि.

ग्रंथालयाच्या पायरीवर बसून सोड्याच्या बाटलीवरचं लेबल चौथ्यांदा वाचत होतो. तसंच तुला लिहायला घेतलं. आमच्या वरच्या इंग्रजी वर्गाच्या प्रुइटबाईंचा मला संशय येतो. सहा शनिवार झाले, आम्ही फक्त टॅलो चेरी या इथल्या सोड्याचा इतिहास वाचतोय. पुस्तिका कंपनीचीच. तिच्यात ‘शुद्ध’ हा शब्द नऊ वेळा आलाय, मी मोजला. बाईंना कंपनीकडून काहीतरी मिळत असणार, नाहीतर एवढं प्रेम कशाला?

ऑगस्टच्या परीक्षेत पास झालो तरच तंत्रशाळेत जागा आहे, नाहीतर जन्मभर गालिच्याचा कारखाना. वर्ग सोडावा म्हणतो. आईचं कळव. माया पातळ करू नकोस.

तुझा, एलिसेओ

केत्साल्तेनांगो
१९ मे

चि. एलिसेओस अनेक आशीर्वाद.

चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना मेणबत्त्या मोजून, एक कमी आहे म्हणून ओरडणारा तूच ना? पाद्रीबाबा अजून विचारतात, तो हिशेबनीस कुठे आहे. बाईंना सरळ तोंडावर विचार. त्या काही खाणार नाहीत तुला. आणि वर्ग सोडलास तर आईशी गाठ आहे, असं तिनेच सांगितलंय. ती बरी आहे. काळजी करू नकोस, अगदी बरी आहे.

तुझी ताई

डाल्टन
शनिवार, ४ जून, दुपारी १.१०

ति. ताईस, सा. न. वि. वि.

विचारलं. बाई रागावल्या नाहीत, उलट टेबलावर थाप मारून हसल्या. म्हणाल्या, कुणीतरी संशय घ्यावा म्हणूनच ही पुस्तिका निवडली, दहा आठवडे वाट पाहतेय. मग त्यांनी फळ्यावर दोन रकाने पाडले. कागद पुन्हा पुन्हा काय सांगतो ते एकात, कधीच काय सांगत नाही ते दुसऱ्यात. पुस्तिका नऊ वेळा ‘शुद्ध’ म्हणते. बाटलीत काय घालतात ते एकदाही नाही.

घरी येऊन मी तुझी चार पत्रं काढली. ‘आई बरी आहे’ अकरा वेळा. ती काय जेवली, बाजारात गेली का, कुणाला शिव्या घातल्या, हे एकदाही नाही.

ताई, आईला काय झालंय? या पत्राला खरं उत्तर आलं नाही, तर परीक्षा सोडून मी निघेन.

एलिसेओ

केत्साल्तेनांगो
१६ जून

चि. एलिसेओ,

तुझ्या बाईंचं भलं होवो, आणि त्यांच्या फळ्याला आग लागो. एप्रिलमध्ये आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं. तुझी परीक्षा होईपर्यंत कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. आता भिंतीला टेकून बसते आणि कोंबड्यांना नावं ठेवते. डॉक्टर म्हणतात, धोका टळला. तू येऊ नकोस. आलास तर मी दार उघडणार नाही, असं ती म्हणते. दारापर्यंत चालता येत नाही अजून, हे मी म्हणते.

यापुढे रोजचं लिहीन. आजचं घे:

सकाळी मक्याची पेज, चार घोट.
दुपारी काळ्या घेवड्याचं कढण, एक वाटी.
संध्याकाळी मक्याच्या पिठाचा वाफवलेला तमाल. आई शेजारी बसून सांगतेय, अख्खा लिही.

अर्धा.

ताई