बाबांच्या मशीनचा स्क्रू

प्रिय बारक्या,

फोनवर मी तब्येत विचारतो आणि ठेवून देतो, म्हणून लिहायला बसलोय. नीट लिहिता येईल असं वाटत नाही, डोक्याचा पार गोंधळ उडालाय.

निवृत्त झाल्यापासून मी बाबांच्या लेथ मशीनमागे लागलोय. ज्यावर ते लोखंड कातायचे, ते मशीन मागच्या खोलीत पोत्यांखाली गंजत पडलं होतं. तुझी वहिनी त्याला सवत म्हणते आणि माझा चहा दाराबाहेरच ठेवते. गायब झालेले दोन गिअर भंगारवाल्याकडे मिळाले, पण कातायचं टूल मागेपुढे करणारा स्क्रू कुठेच मिळेना. म्हटलं, त्यात काय, तीस वर्षं हेच केलंय. जुन्या कारखान्यात जाऊन नवा करून आणला. या स्क्रूचे आटे नेहमी उलटे पाडतात, म्हणजे हँडल उजवीकडे फिरवलं की टूल पुढे जातं. तसेच पाडले, तर मशीनमधल्या जुन्या पितळी नटात तो शिरेचना. दुसरा केला, तोही शिरेना. वय झालं, हात गेला, असं वाटून माझी भूकच मेली. शेवटी तिसऱ्या दिवशी नट बाहेर काढून उजेडात धरला. त्याचे आटे सुलटे होते.

बाबांनीच तो घडवला असणार. उलटे आटे पाडायचं हत्यार नसेल त्यांच्याकडे, होतं त्यावर भागवलं. म्हणजे आपलं मशीन जगाच्या उलट चालायचं, हँडल उजवीकडे फिरवलं की टूल मागे. बाबांचा हात त्यावर बसला होता आणि तुझाही, कारण शाळेतून आलास की तू तिथेच असायचास. मी कारखान्यात शिकलो, घरच्या मशीनला कधी हात लावला नाही. मला हे माहीतच नव्हतं रे.

कारखान्यात तुला मीच चिकटवलं. दोन दिवस झाडलोट आणि तेलपाणी केलंस, तिसऱ्या दिवशी तुला पहिला शाफ्ट कातायला दिला, आणि टूल मागे घ्यायच्या वेळी तू हँडल उजवीकडे फिरवून ते सरळ आत घुसवलंस. सगळ्यांसमोर मी तुला नाही नाही ते बोललो. तुझ्या हातात काही नाही, असंही म्हणालो. तू हात पुसलेस आणि निघून गेलास. आज तू बस चालवतोस, तुझं बरं चाललंय. पण परवा तुझी लेक सांगत होती, बाबा घरात खिळासुद्धा ठोकत नाहीत, म्हणतात माझा हात वाईट आहे.

तेव्हा जेवताना आपले बाबा मला एवढंच म्हणाले होते, की त्याला एकदा घरच्या मशीनवर बघ. मी ऐकलं नाही. त्यांना कळलं होतं का? मग उघड का नाही बोलले? लाज वाटली, की माझ्या रागाला भ्याले? ते गेले, आता कोणाला विचारू?

काल सुलट्या आट्यांचा स्क्रू करून बसवला. पहिलाच तुकडा लावला आणि टूल मागे घ्यायला सवयीने हँडल डावीकडे फिरवलं. टूल सरळ आत. तुकडा वाया गेला, टूल मोडलं, आणि मी, इतक्या वर्षांचा फोरमन, तिथेच स्टुलावर बसून रडलो. बारक्या, चूक तुझी नव्हती. अठरा वर्षं मी तुझ्यावर अन्याय केला, मला माफ कर. आता नट बदलून मशीन चारचौघांसारखं करू, की बाबांनी केलं तसंच ठेवू, मला काही ठरवता येत नाही. तू ये आणि सांग. तसंच ठेव म्हणालास, तर ते चालवणारा तुझ्याशिवाय कोणी नाही.

तुझाच,
दादा