पलीकडच्या तळावरचा सोमवार

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
पोचले एकदाची! दक्षिण ध्रुवावर उतरले, तर समोर राविरी पायपुसणं अंथरून उभा. म्हणे, बाईसाहेब, पाय पुसून आत या, कालच फरशी पुसलीय. हा आमचा मेकॅनिक. मर्डो तळाचा प्रमुख, मितभाषी, पण स्वयंपाक झकास करतो. आणि मी, नायरी, बिनतारी संदेशवाली. तिघांचाच कारभार. जेवायला मटण होतं. मजेत जाणार हा उन्हाळा.

रविवार, ३० नोव्हेंबर
घड्याळानं वैताग आणलाय. इथं सगळ्या देशांच्या वेळा एका बिंदूत येऊन मिळतात. सूर्य मावळतच नाही, नुसता गोल फिरतो. म्हणून ज्याचं विमान जिथून येतं, तिथली वेळ त्यानं पाळायची. आमचं क्राइस्टचर्चहून, म्हणून आम्ही न्यूझीलंडच्या वेळेवर. पलीकडच्या चिलीच्या तळाचं पुंता अरेनासहून, म्हणून ते आमच्या सोळा तास मागं. मी हवामान विचारते तेव्हा त्यांचा संदेशवाला एलिसेओ झोपलेला. तो विचारतो तेव्हा मी. आज चिडून विचारलं, की बाबा, एकच घड्याळ लावू या का? तर म्हणे, जरूर, तुमचं मागं घ्या.

मंगळवार, २ डिसेंबर
राविरी सकाळीच चिलीवाल्यांचा जनरेटर दुरुस्त करायला गेला. तिथून संदेशयंत्रावर मला चिडवत होता: नायरे, इथं अजून सोमवारच आहे, एक दिवस फुकट मिळाला बघ! जेवायच्या वेळेला परत आला.

बुधवार, ३ डिसेंबर
राविरी गेला. खांबावरचं हवामानाचं यंत्र बघायला बाहेर पडला आणि वादळानं गाठलं. हाकेच्या अंतरावर सापडला, गोठलेला. मर्डोनं आणि मी उचलून शेडमध्ये ठेवला, वर ताडपत्री घातली. हवा निवळेपर्यंत विमान नाही, असं क्राइस्टचर्चवाले म्हणतात. किती वेळा तेच तेच सांगायचं त्यांना!

गुरुवार, ४ डिसेंबर
एलिसेओला बातमी दिली. तो हसला. राविरी इथंच आहे, जनरेटरपाशी, म्हणाला. थट्टेची ही वेळ आहे का? मी वाट्टेल ते बोलले. तो गोंधळला. आज सोमवार ना, म्हणाला.

शुक्रवार, ५ डिसेंबर
पुन्हा तेच. सोमवार! मी त्याला हिशेब करून दाखवला, फरक सोळा तासांचा, चार दिवसांचा नाही. तो म्हणे, बाई, घड्याळ तुमचं पळतंय. मग यंत्रावर राविरी आला. त्याचाच आवाज. मटण गरम ठेव म्हणाला.
मर्डो शेडमध्ये जाऊन बघून आला. राविरी तिथंच आहे, ताडपत्रीखाली.
जेवताना मर्डो म्हणाला, तिथं सोमवार असेल तर राविरीला तिथंच थांबवून धरता येईल. मी कपाळाला हात लावला. अरे, घड्याळं वेगळी असतात, क्षण एकच असतो! किती सांगितलं. तो ताटातलं चिवडत बसला.

शनिवार, ६ डिसेंबर
मी झोपले होते तेव्हा मर्डो बर्फावरची गाडी घेऊन पलीकडच्या तळाकडे निघून गेला. न सांगता. मूर्ख माणूस!
दुर्बिणीतून दिसतोय. गाडी वाटेवरच्या निशाणांच्या रांगेतच थांबलीय. तो वर बसलाय. हलत नाही. हाका मारल्या. जायला निघाले तर पुन्हा वादळ — दारातूनच मागं फिरले.
एलिसेओचा संदेश: मर्डो सुखरूप पोचला, राविरीबरोबर चहा घेतोय.

रविवार — की
यंत्र बंद करून टाकलं होतं. तरी बोलतंय. दोघं हसताहेत. सोमवार, सोमवार. क्राइस्टचर्च उत्तर देत नाही. माझं कोणी ऐकतच नाही —

सूर्य तिथंच आहे. मघाशीही तिथंच —
एलिसेओ म्हणतोय, नायरीसुद्धा आत्ताच पोचली. मी ओरडले, मी इथं आहे, माझ्या खुर्चीत! पलीकडून एक बाई म्हणाली, कोण ओरडतंय गं बाई. माझाच आवाज —

थंडी वाजायची थांबलीय. शेगडी — शेगडी कधी विझली? बोटं वळत नाहीत. उठून फक्त ती पेटवली की