पाठमोरी आई

दादा,

हल्ली घरात टीव्हीवर रोज तुझेच सिनेमे चालू असतात. तू माणसांना कायम पाठमोरं दाखवतोस. आईला तर प्रत्येक सिनेमात. त्यासाठी लोक तुला डोक्यावर घेतात आणि मी भांडत आले. "चेहरा खोटं बोलतो, पाठ नाही," हे तुझं ठरलेलं उत्तर. भांडी विसळणाऱ्या आईवर तू कॅमेरा इतका वेळ रोखलास, की तिचे खांदे हळूहळू खाली येताना दिसतात. तिचं दमणं मला घरात कधी दिसलं नव्हतं. तिथे तुला मानलं.

पण आई गेली आणि बाबांचं विसरणं वाढलं. भिंतीवरच्या फोटोकडे बघून विचारतात, "ही बाई कोण?" सिनेमातली पाठ मात्र लगेच ओळखतात. तिला हाका मारतात, मग माझ्यावर चिडतात, "ही वळत का नाही गं? रागावलीये का माझ्यावर?"

एकदा तरी तिला वळू द्यायचंस रे.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तू कॅमेरा घेऊन येशील आणि बाबांच्या मागे उभा राहशील.

तुझी,
धाकटी