अंगणातली भिंत आणि एकच लॉगिन

मंगळवार, संध्याकाळ

आज हुशारी नडली. की नाही नडली? दिंडोरीचे ते दोघे भाऊ वेगळे झाले, अंगणात भिंत आली, इंटरनेटच्या वायरी दोन झाल्या, पण लॉगिन वडिलांच्या नावाचं एकच राहिलं. आमच्या इंटरनेट कंपनीच्या राउटरवर एका नावाला एका वेळी एकच जोडणी. थोरल्याने चालू केलं की धाकट्याचं बंद! महिनाभर तक्रारी ऐकून शेवटी दुपारी द्वारका चौकातल्या ऑफिसातूनच मर्यादा एकाची दोन केली. स्वतःवर काय खूश होते मी!

पाचला त्यांच्या आईचा फोन. "पोरी, ते परत एक कर बाई."

"का हो मावशी, चालत नाही का?"

"लय भारी चालतंय. पण दोन वर्षं दोघं बोलत नव्हते. नेट तुटायला लागलं तवा भिंतीवरून वरडायला लागले. 'दादा, मॅच हाय, पाच मिनिटं बंद कर ना!' परवा तर धाकला तिकडंच जाऊन मॅच बघत बसला. आज दुपारपासून दोघं आपापल्या घरात गप."

आता हे कुठल्या नियमात बसवायचं? भिंत काही डोळ्यासमोरून हलेना. केलं दोनाचं एक. तक्रारवहीत लिहिलं, 'बिघाड पूर्ववत केला.'

लगेच धाकट्याचा फोन आला. उचललाच नाही. ओरड की भिंतीवरून!