कानाला फोन, तोंडात टाचण्या

४ मार्च, सोमवार

सकाळपासून कर्ज, विमा, परत कर्ज, आणि कुठल्याशा डोंगरावरचा प्लॉट. सगळ्यांना मीच बरी सापडते! प्लॉटवाला म्हणतो, "मॅडम, खिडकीतून ढग दिसतील." म्हटलं, मला खिडकीतून गिऱ्हाईक दिसतंय, त्याची पँट अजून झालेली नाही, ठेव फोन. तर म्हणे, "सर आहेत का घरी?" आहेत. सर आतल्या खोलीत तोंडावर पेपर घेऊन झोपलेत. बस चालवायची नोकरी संपल्यापासून सरांनी हेच काम धरलंय.

रात्री जेवताना हे म्हणतात, "अगं, अनोळखी नंबर उचलायचाच नाही. सोपं आहे."

सोपं आहे म्हणे! धाकटीचा नंबर आता अनोळखीच असणार ना!

६ मार्च, बुधवार

कुणाशी बोलायची सोय नाही, म्हणून लिहून टाकते एकदाचं.

दुकान आम्हा दोघी बहिणींचं. कपडे कमी करणं, सैल करणं, चेन बदलणं, पडद्यांना पट्टी घालणं. मशीन माझं, काउंटर धाकटीचं. फोन पण तिच्याकडेच. कर्जवाल्यालासुद्धा ती "बरं हं, सांगते हं" म्हणायची आणि तो खूश होऊन फोन ठेवायचा. मला ते गोड बोलणं जमत नाही. माझा फोन लोक दचकून ठेवतात.

मग आला कुलूपवाला. आमच्याच रस्त्याला किल्ल्या बनवायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सारखा पँटची शिवण उसवून घेऊन यायचा. मी म्हणायची, हा माणूस चालतो की उड्या मारतो? एक दिवस पँट उजेडात धरली. दोरा झिजलेला नव्हताच — ब्लेडने कापलेला! झालं. दुकान भरलेलं, आणि माझं तोंड काही थांबलं नाही. "या वयात शिवणी कापून बायका बघायला येता होय?"

लोक हसले. तो कानापर्यंत लाल झाला. धाकटी हसली नाही. मला वाटलं, हिला आत्ताच कळलं. कसचं काय! हिला पहिल्या पँटपासून माहीत होतं!

"ताई," म्हणाली, "तुला दोरा बरा दिसला. माणूस नाही दिसला."

मग काय, मी पण बोलले, ती पण बोलली. मी जरा जास्त. तो गाशा गुंडाळून भावाच्या गावी गेला, आणि मागोमाग ही. दुकानाचा फोन काउंटरवर ठेवून गेली — मानी! दारात उभी राहून म्हणाली, "लग्नाचं ठरलं की फोन करीन. एकदाच करीन. उचललास तर ये. नाही उचललास तर काय समजायचं ते समजेन."

नवा नंबर दिला नाही. गाव कुठलं ते मी विचारलं नाही. मी कशाला विचारू?

म्हणून उचलते. ढगवाल्याचा पण उचलते.

त्याची शेवटची पँट अजून खुंटीला लटकते आहे. मी हात लावणार नाही!

९ मार्च, शनिवार

नवं लफडं. एका मुलीचा फोन. आवाज अगदी साखर घोळलेला. "मॅडम, तुम्ही परवा आमच्या घोड्यांसाठी हो म्हणालात, त्याबद्दल आभार!"

म्हटलं, कसले घोडे?

म्हातारे घोडे. कामातून सुटलेले. कुणी ठेवून घेत नाही त्यांना. त्यांच्यासाठी हिची संस्था आसरा चालवते, आणि दर महिन्याला चाऱ्याला हातभार लावायचं मी कबूल केलंय! मी म्हटलं, पोरी, मी माझ्या नवऱ्याला दुसऱ्यांदा चहा देत नाही, मी घोड्याला काय देणार? तर म्हणाली, "मॅडम, मी विचारत होते आणि तुम्ही प्रत्येक वेळी हं म्हणत होतात."

तेव्हा आठवलं. तोंडात टाचण्या होत्या! लांबलचक पडदा मांडीवर, एक हात पट्टीवर, फोन खांद्यात धरलेला, आणि ओठांत टाचण्यांची रांग. हं शिवाय काय बोलणार? आणि मी नाही नाही म्हणून मान हलवत होते की! चांगली जोरजोरात! आता फोनला मान दिसत नाही, हे काय माझं चुकलं?

धाकटीला मान बघावी लागायची नाही. पाठमोरी असली तरी कळायचं. लांब हं म्हणजे कात्री दे. तुटक हं म्हणजे याला बसव. नाकातून काढलेला हं म्हणजे हा मागच्या वेळी पैसे नंतर देतो सांगून गेलेला, आधी हात पुढे कर. ती बरोबर हात पुढे करायची.

घोडेवालीला विचारलं, "काम सुटल्यावर करतात काय हे घोडे?"

"काही नाही मॅडम. खातात आणि उन्हात उभे राहतात."

"आमच्याकडे एक आहे. घेऊन जाता का?"

अशी खुदखुदून हसली की मग मला नाही म्हणताच आलं नाही. बसा आता घोडा पोसत!

१२ मार्च, मंगळवार

घोड्याचा फोटो आला टपालाने. एक कान पडलेला, चेहरा उपकार केल्यासारखा. मशीनसमोर लावलाय. हे म्हणतात, "कुणासारखा दिसतो गं?" मी काही बोलले नाही. संसार करायचा आहे अजून.

१४ मार्च, गुरुवार

आज कहर झाला! वकिलीणबाईंच्या काळ्या कोटावर इस्त्री फिरवत होते. फोन. धावले. "मॅडम, आपल्या दातांसाठी खास सवलत..." दातांसाठी! परत येते तो काय, कोटाच्या पाठीवर इस्त्रीचं चकचकीत त्रिकोणी बूड उमटलेलं. ओलं फडकं ठेवून, वाफ देऊन, ब्रश मारून कसंबसं घालवलं. यांच्यावरच ओरडले — फोन भिंतीवर आपटीन, दुकान बंद करीन, घोडा तुम्ही सांभाळा!

यांनी ऐकून घेतलं. मग चष्मा शोधायला उठले. माझं बोलणं संपलं की यांना चष्मा आठवतो.

१८ मार्च, सोमवार

काय झालंय कुणास ठाऊक, फोनच नाहीत! कर्ज नाही, दात नाहीत, ढग नाहीत. जगाला अक्कल आली म्हणायची. पडद्यांचा आख्खा ढीग हातावेगळा केला. मशीनच्या आवाजाशिवाय आवाज नाही. छान वाटलं. मग जरा कमी छान वाटलं. मग मी फोन उचलून चालू आहे का ते बघितलं. चालू होता.

२० मार्च, बुधवार

वकिलीणबाई कोट न्यायला आल्या त्या तणतणतच. "किती फोन करायचे तुम्हाला? लागतच नाही!"

म्हटलं, बाई, वाजला असता तर मी उचलला नसता का? मी तर हल्ली सगळ्या गावाचे उचलते. इथेच करून दाखवा. त्यांनी माझ्यासमोर केला. त्यांच्या फोनात वाजतोय, माझा मख्ख!

आतून हे आले. चेहऱ्यावर बक्षीस घ्यायला आल्यासारखं हसू. "मीच केलंय ते. शेजारच्याकडून शिकून घेतलं. नाव साठवलेलं नसेल तर वाजणारच नाही. आता निवांत शीव तू."

मी विचारलं, "कधी केलंत?"

"तू ओरडलीस ना, त्याच रात्री."

"अहो, धाकटीचं नाव साठवलंय का मी? तिचा नंबर आहे का माझ्याकडे?"

वकिलीणबाईंनी कोट उचलला आणि पैसे ठेवून हळूच निघून गेल्या. यांचा चेहरा असा पडला की काय सांगू. फोटोतला घोडा बरा. "अगं, तुला त्रास होत होता म्हणून केलं मी." ते मला कळतंय. म्हणून तर धड ओरडताही येईना!

काढून टाकलं ते. फोनात न वाजलेल्या नंबरांची मोठी रांग निघाली. त्यातला कुठला तरी तिचा असला तर? एकदाच करीन म्हणाली होती. जे म्हणते ते करते ती. माझीच बहीण.

२१ मार्च, गुरुवार

आज मी लोकांना फोन केले. दाराला कडी घालून, रांगेतल्या पहिल्या नंबरापासून. "हॅलो, माझी बहीण आहे का तिथे?"

पहिल्याने काही न बोलता ठेवला.

दुसरी बाई म्हणाली, "हा नंबर कुठून मिळाला तुम्हाला? पुन्हा करायचा नाही!" अरे वा. माझंच बोलणं, माझ्याच सुरात. ऐकायला काही बरं नाही वाटत.

तिसरा कर्जवाला निघाला. तो तर घाबरलाच. "मॅडम, तुम्ही... स्वतःहून फोन केलात? कर्ज हवंय?"

"बहीण हवीय."

मग म्हणाला, "ती योजना नाही मॅडम आमच्याकडे."

मग एका बाप्याने उचलला. मागे ठोकाठोकी चाललेली. मी ओरडले, "माझी बहीण हवीय मला!" तो माझ्यावर ओरडला, "आम्हाला काही नको, सगळं आहे आमच्याकडे!" आणि खट्. माझ्याहून उद्धट माणूस असतो, हे आजच कळलं.

पुढच्यांनी तर हॅलोच्या पुढे जाऊच दिलं नाही. घसा बसला. रडू यायला लागलं, रागाने.

शेवटी घोडेवाली लागली. तिने मात्र ठेवला नाही. सगळं ऐकून घेतलं — पँट, ब्लेड, इस्त्री, सगळं. म्हटलं, "तू कशी गं करतेस हे दिवसभर? लोक असं तोंडावर आपटतात, तुला काही वाटत नाही?"

"वाटतं की. पण आम्हाला शिकवलंय, समोरच्याने ठेवला तर ठेवू दे, आपण आधी ठेवायचा नाही." मग म्हणाली, "मावशी, तुम्ही पहिलं वाक्यच ओरडून म्हणता. आधी आपलं नाव सांगायचं, जरा थांबायचं, मग काम."

मावशी म्हणाली मला! मॅडमवरून मावशीवर आली, आणि मला राग नाही आला.

उरलेल्यांना तिच्या पद्धतीने केले. नाव सांगितलं, थांबले. थांबले की ठेवतात.

२२ मार्च, शुक्रवार

फोन नाही. ढगवालासुद्धा नाही.

२३ मार्च, शनिवार

घोडेवालीचा आला. "मावशी, लागला का पत्ता?" म्हटलं, नाही. पुढे काही मागितलं नाही तिने. नुसतं "बरं हं" म्हणाली. धाकटी म्हणायची तसंच.

हे दिवसभर पायात मांजर घोटाळावं तसे दुकानात घोटाळत होते. दोनदा चहा करून आणला. पहिला बरा होता.

२४ मार्च, रविवार

कुलूपवाल्याची पँट शिवली. दुहेरी दोऱ्याने. दुसरं काम नव्हतं म्हणून.

२६ मार्च, मंगळवार

दुपारी पडदा मांडीवर, तोंडात टाचण्या, आणि फोन. अनोळखी नंबर. खांद्यात धरला. म्हटलं, हं.

पलीकडे कुणी बोलेना. मी परत, हं?

"ताई, आधी त्या टाचण्या काढ तोंडातल्या."

काढल्या. कुठे टाकल्या कोण जाणे, मघाशी एक पायाला लागली.

तिने केला होता म्हणे फोन. त्याच दिवसांत, होणाऱ्या दिराच्या फोनवरून. वाजून वाजून बंद झाला, मी उचलला नाही, मग समजायचं ते समजून बसली होती. काल जेवताना दीर सांगत होता — कारखान्यात असताना कुणा वेड्या बाईचा फोन आला होता, बहीण मागत होती, मी दिला ठेवून. "मी म्हटलं, भावजी, ती वेडी माझी आहे." आणि हसायला लागली. हसता हसता नाक ओढायला लागली.

"एकदाच करणार होतीस ना?" असं मला म्हणायचं होतं. टाचण्या नव्हत्या तोंडात, तरी शब्द निघेना.

"रविवारी आहे गं. येशील ना?"

हं, म्हटलं.

"कळलं," म्हणाली. "आणि ह्यांची पँट पण आण."