काळ्या ढगाची पुढची ओळ

४ फेब्रुवारी
टण्... टण्... टण्... शाळेच्या दाराशी टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. शिपाई ठोके देऊन निघून जायचा, रूळ मात्र बराच वेळ थरथरत राहायचा. मी त्याला कान लावून उभा. मग कवितेचा तास! आज पहाटे अंथरुणात तोच आवाज ऐकला. हिला सांगितलं, तर म्हणाली, "दूधवाल्याने किटली आपटली असेल."

६ फेब्रुवारी
खारूचा फोन. लेकीची लेक, पण लहानपण सगळं माझ्या मांडीवर गेलं. तीन वर्षांसाठी दूरच्या वेधशाळेत निघालीय. जाण्याआधी इथे येणार, पुढच्या शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात बोलणार. विषय — ताऱ्यांमधले छोटे काळे ढग. मी फोन कानाला लावूनच उशा झटकायला घेतल्या. तर म्हणते, "आबा, उतरेन अण्णांकडे. भाषणातली चित्रं त्यांच्याबरोबर बसून लावायचीत."
अण्णा म्हणजे आमचे व्याही. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. गच्चीवर स्वतःच्या हाताने केलेली दुर्बीण. लेकीचे सासरे, मान द्यायला हवा. देतो. दात-ओठ खाऊन देतो.

७ फेब्रुवारी
त्यांच्या उशा फोमच्या आहेत. तिची मान आखडणार.

१० फेब्रुवारी
वाचनालयातून पुस्तक आणलं. चांदण्यांच्या गर्दीत एक काळं भोक दिसतं. पूर्वी वाटायचं, तिथे काहीच नाही. असते ती धूळ आणि वायू, कमालीची थंड. कडेला विरळ, तिथून मागचे तारे लालसर होऊन डोकावतात. मध्यावर इतकी दाट की एकही दिसत नाही. मागचे किती तारे झाकले गेले, त्यावरून आत किती धूळ ते काढतात. म्हणजे दुसऱ्याचा उजेड किती अडवला, त्यावरून याची किंमत! मला व्याही आठवले.
ढगाचं स्वतःचं वजन त्याला आत ओढतं, आतली थोडीशी ऊब बाहेर रेटते. या ओढाताणीत एखादा ढग नुसता थरथरत राहतो — माझ्या रुळासारखा. काही विरून जातात. काहींच्यात ओढ जिंकते, आणि पोटात तारा पेटतो.
हे मी पुस्तकातून वाचायचं? तिने शेजारी बसून सांगायला हवं होतं. अण्णांना सांगितलं असेल.
काळ्या ढगा, काळ्या ढगा, पोटामध्ये काय रे — आमच्या गुरुजींनी रचलेली कविता. कुठे छापलेली नाही. मी खारूला टेबलावर बोटांनी ठेका धरून शिकवली होती. ती कशाला लक्षात ठेवतेय आता.

१३ फेब्रुवारी
आली. अण्णांना घेऊनच आली. दोघं टेबलाशी डोकं जुळवून.
"अण्णा, उणे दोनशे त्रेसष्ट अंश म्हणू का?"
"आकडा राहू दे. बर्फालाही हुडहुडी भरेल, असं म्हण."
खिदळली दोघं. मी धीर करून म्हटलं, "एखादा ढग थरथरतो ना गं?"
"आबा! तुला कसं माहीत?" तिचे डोळे असे चमकले...
तेवढ्यात हे व्याही — "सगळे नाही हं. मोजकेच."
संपलं. मी पाणी आणायला आत गेलो आणि तिथेच रेंगाळलो.
निघताना म्हणाली, "पहिल्या रांगेत बस हं आबा." त्यावर हे म्हणतात, "मी धरून ठेवतो जागा." माझ्या नातीच्या भाषणाला माझी जागा हे धरणार.

१४ फेब्रुवारी, शनिवार
गेलो नाही. गुडघा दुखतोय म्हटलं. "गुडघ्याला कशाला बदनाम करता," म्हणून ही एकटीच गेली. परत आली. कसं झालं ते मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. भांडी मात्र जोरात आदळत होती.

१५ फेब्रुवारी
बेल वाजली. दारात व्याही. एकटे, दाढी न केलेले, धापा टाकत.
"तिने सुरुवातच कवितेने केली हो. काळ्या ढगा, पोटामध्ये काय रे... आणि अडली. तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मी शेजारीच होतो. ढगाचं सगळं गणित मला येतं, ती एक ओळ येईना. भाषण कसंबसं उरकलं. कालपासून गप्प आहे, दुपारची गाडी आहे. पुढची ओळ तेवढी सांगा."
मी पाण्याचा तांब्या पुढे केला. ते खाली बघून म्हणाले, "इतकी वर्षं ऐकतोय — आबांनी शिकवलं, आबांनी म्हणून दाखवलं. फार जळायचो मी तुमच्यावर."
ही आतून म्हणाली, "मला येत होती की ओळ. पण पोरगी माझ्याकडे बघत नव्हती."
व्याही पाणी पिताहेत, तेवढ्यात हे लिहितोय. ओळ त्यांना सांगितलेली नाही. चपला घालतो.