उताराचं गाऱ्हाणं

५ जानेवारी
आज सकाळी रुजू झालो आणि आधी नारळ फोडला. कुवेतला आलोय; फरवानियातल्या खोलीवरून बसने शर्क भागातल्या मॉलमध्ये पोचलो, तर काचेपलीकडे बर्फाचा अख्खा डोंगर! त्यावरून पोरं घसरतात. आयुष्य कूलिंगच्या कामात गेलं, पण वाळवंटात बर्फ राखायचं काम पहिलंच. गावच्या रीतीने पायथ्याशी गाऱ्हाणं घातलं : इथल्या राखणदारा, तुझं काही राहिलं असेल तर माझ्या हातून करून घे. सुपरवायझर प्रतापसाहेब हसले, म्हणाले, बुवा, फ्रीजरमध्ये कसला देव बसवताय? सोबत काम करणारा हमजा मात्र फावडं टाकून बाहेर निघून गेला.

८ जानेवारी
हमजा रत्नागिरीकडचा, मला काका म्हणतो. काम त्यानेच शिकवलं. जुना थर वितळून पुन्हा काचेसारखा गोठला, की वरचा नवा बर्फ धरत नाही, सगळा एकदम सुटतो. खऱ्या डोंगरांतही माणसं अशीच गाडली जातात म्हणे. म्हणून आधी थर खरवडायचा. खरवडताना खालून फावड्यावर टकटक झाली. पाइप असेल.

१३ जानेवारी
पाइप नव्हे. मी सरकलो की टकटकही सरकते.

१६ जानेवारी
हमजाला विचारलं. रडला. माझ्या आधी या कामावर त्याचा भाऊ अशरफ होता. थर कच्चा आहे, चढत नाही म्हणाला. साहेबांनी बायकोच्या पदराआड बस म्हणून हिणवून चढवला. बर्फ सुटला, अशरफ खाली गाडला गेला. बाहेर शाळेची सहल उभी होती. साहेबांनी उकरायच्या आधी फाटक उघडलं. दिवसभर पोरं त्याच्यावरून घसरली. घरी कळवलं, हार्ट अटॅक. हमजाचा व्हिसा साहेबांच्या हातात.
म्हणजे मी शब्द दिला तो अशरफला.

१९ जानेवारी
खोलीत हीटर चालू, तरी देवापुढचं पाणी गोठलं. रवळनाथा, सोडव मला — टकटक आता उशीखाली.

२१ जानेवारी
कूलिंग थोडा वेळ बंद ठेवलं, मग पुन्हा चालू केलं. थर चकाकला. वर नवा बर्फ, जाड. खरवडला नाही —

२२ जानेवारी
वरचं मशीन अडलंय म्हटलं. चढायला भीती वाटते म्हटलं. साहेब हसले, बुवा, तुम्हीही त्यातलेच? स्वतः चढले.
सुटला. सगळा.
साहेब बर्फाखालून ठोकतायत. मी कूलिंगच्या केबिनमध्ये, हमजा बाहेरून दार बडवतोय — काका, फावडी द्या, पुरे झालं, जीव आहे तो —
फावडी माझ्यापाशी. आतून कडी मी लावली.
अशरफची टकटक थांबलीय. मघाशीच. तो काही मागत नाही. तरी मी उठत नाही. आता हे सगळं माझ्या मनानं —